जुन्या फॉन्टमधल्या ओव्या वाचवायच्या कशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईने अनेक वर्षं गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. २००४ साली तालुक्याच्या एका डीटीपी सेंटरमधून त्या टाइप करून घेतल्या, साधारण १८० पानं. हातात एक सीडी आणि एक प्रिंट आली. प्रिंटला वाळवी लागून निम्मी पानं गेली आणि ते सेंटरही बंद झालं. आता सीडीवरची वर्डची फाइल नव्या लॅपटॉपवर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. फाइल खराब झाली का? ती मराठीत कशी आणायची? आणि वहीत राहिलेल्या ओव्या पुढे टाइप करायच्या तर कोणता की-बोर्ड घ्यायचा?

तुमची फाइल खराब झालेली नाही. आईच्या ओव्या त्या गिचमिडीतच आहेत, अक्षर न् अक्षर. मी १९९८ पासून डीटीपी करते आणि गेली दहाएक वर्षं माझ्याकडे निम्मं काम याच प्रकारचं येतं. कुणाच्या वडिलांचं आत्मचरित्र, कुण्या संस्थेच्या स्मरणिका, देवस्थानचा इतिहास. बहुतेक सगळं परत मिळालं. जे गेलं ते घाईने गेलं, म्हणून पहिली विनंती ही की आत्ता त्या फाइलमध्ये काहीही बदलू नका. मॅटर, म्हणजे टाइप केलेला मजकूर, सिलेक्ट करून फॉन्ट विंडोजमधला ‘मंगल’ करून बघू, हे तर अजिबात नको. फॉन्ट बदलला म्हणून मॅटर मराठी होत नाही, उलट मूळ फॉन्ट कोणता होता ही सगळ्यात मोलाची खूण पुसली जाते.

आधी सीडी. वीस वर्षांपूर्वी घरी किंवा दुकानात राइट केलेली सीडी हा भरवशाचा कागद नव्हे. तिच्यावरूनच फाइल उघडून काम करू नका. अख्खी सीडी, सगळ्या फोल्डरांसकट, लॅपटॉपवर कॉपी करा, तिथून पेन ड्राइव्हवर आणि गूगल ड्राइव्हवर. मध्येच अडकली तर मऊ, कोरड्या कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवत पुसू नका. तरीही नाही वाचली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी शेजारच्या जुन्या संगणकात निमूटपणे वाचली गेल्याचं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. कॉपी करताना नुसती वर्डची फाइल उचलू नका. बरेच ऑपरेटर त्याच सीडीवर ‘फॉन्ट्स’ नावाचं एक फोल्डर टाकून द्यायचे. ते सापडलं तर तुमचं अर्धं काम झालं.

आता गिचमिड का दिसते ते सांगते, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. आकार फॉन्ट पुरवतो. त्या काळी डीटीपीच्या सॉफ्टवेअरांमध्ये मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळत नव्हते, म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवले. उदाहरणार्थ कृतिदेव फॉन्टमध्ये ‘किती’ हा शब्द फाइलमध्ये एफ, डी, आर, एच अशा चार इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. एफच्या घरात पहिली वेलांटी, डीच्या घरात क, आरच्या घरात त, एचच्या घरात दुसरी वेलांटी. कृतिदेव संगणकात असेल तर डोळ्यांना ‘किती’ दिसतं, नसेल तर एफ-डी-आर-एच. दोन्ही वेळा फाइल तीच.

श्रीलिपी, शिवाजी, आकृती, सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरबरोबर येणारे सुरेख, योगेश असे फॉन्ट, या सगळ्यांनी आपापली घरं वेगवेगळी वाटून घेतली होती. त्यामुळे शिवाजीमधलं मॅटर श्रीलिपीचा फॉन्ट लावून वाचता येत नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही रचना जुळेलच असं नाही. सी-डॅकच्या डीव्ही-टीटी आणि डीव्हीबी-टीटी या मालिकांची नावं सारखी वाटतात, पण दुसरी मालिका मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं एकाच फॉन्टमध्ये बसवणारी, त्यामुळे तिची मांडणी निराळी.

युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात हा घोळ उरला नाही. तिथे देवनागरीला स्वतःची १२८ घरं आहेत आणि ‘क’चा क्रमांक जगातल्या प्रत्येक संगणकात, प्रत्येक फोनमध्ये एकच. म्हणून व्हॉट्सॲपवर तुम्ही टाइप केलेलं मराठी कुणाच्याही फोनवर मराठीच दिसतं. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय होती, पण आपल्याकडचं छपाईचं काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायचं आणि पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. म्हणून २००४ साली तुमच्या ऑपरेटरने जुना फॉन्ट वापरला यात त्याची काही चूक नाही. तेव्हा छापायचं तर तोच मार्ग होता.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण लोक सगळ्याच गिचमिडीला एक समजतात आणि चुकीचं औषध लावतात. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं यांची मिसळ दिसत असेल, मधल्या मोकळ्या जागा शब्दांसारख्या पडत असतील, तर तो जुन्या फॉन्टचा मामला. तुमचा हाच आहे. दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मॅटर युनिकोडच आहे, फक्त उघडताना संगणकाने ते चुकीच्या पद्धतीने वाचलं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, त्यांतला पहिला बाइट तो ‘ए’ म्हणून दाखवतो. नुसते चौकोन दिसत असतील तर ती अक्षरं दाखवणारा फॉन्ट तिथे नाही. या तिन्हींत मजकूर शाबूत असतो.

पण प्रश्नचिन्हं दिसली, एकामागून एक नुसती प्रश्नचिन्हं, तर मजकूर खरोखर गेलेला असतो. २०१२ मध्ये माझ्या हातून हे झालं आहे. एका निवृत्त शिक्षकांचं साठ पानांचं युनिकोड मॅटर मी नोटपॅडमध्ये पेस्ट केलं आणि सेव्ह केलं. एक सूचना आली, ती न वाचता ओके केली. नोटपॅड तेव्हा ‘एएनएसआय’ पद्धतीने सेव्ह करायचं, त्यात देवनागरीला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये साठ पानं प्रश्नचिन्हं होती. माझ्याकडे प्रूफाची प्रिंट होती म्हणून चार रात्री बसून पुन्हा टाइप करता आलं. तेव्हापासून सेव्ह करताना खाली ‘एन्कोडिंग’ म्हणून जो रकाना असतो तिथे यूटीएफ-८ आहे का हे बघितल्याशिवाय मी बटण दाबत नाही. विंडोज १० च्या २०१९ नंतरच्या नोटपॅडमध्ये ते आपोआप असतं, जुन्या संगणकावर मात्र तुम्हालाच बघावं लागेल.

आता तुमची फाइल. कॉपी केलेली फाइल वर्डमध्ये उघडा, गिचमिडीतल्या एका शब्दावर क्लिक करा आणि वर ‘होम’मधल्या फॉन्टच्या पेटीत काय नाव दिसतं ते बघा. फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतो. ते जसंच्या तसं, आकड्यांसकट आणि डॅशसकट, कागदावर लिहून घ्या. शीर्षकावर, मधल्या एखाद्या ओवीवर आणि तळटीप असेल तर तिच्यावरही क्लिक करून बघा. ऑपरेटर शीर्षकाला एक फॉन्ट आणि मॅटरला दुसरा लावायचे.

नाव कळलं की तो फॉन्ट मिळवायचा. सीडीवर नसेल तर त्या काळचा एखादा संगणक शोधा, ओळखीच्या प्रेसमध्ये, शाळेच्या ऑफिसात, पतसंस्थेत. त्यातल्या विंडोज फोल्डरमध्ये ‘फॉन्ट्स’ असतं, तिथून ती फाइल घेता येते. तो संगणक एक्सपीवर चालणारा असेल तर त्याला इंटरनेट जोडू नका, कारण एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं २०१४ मध्येच थांबलं. नेटवरून फॉन्ट उतरवायचा झाला तर फॉन्टची फाइल टीटीएफ असते एवढं ध्यानात ठेवा. ‘फॉन्ट’ म्हणून जे डाउनलोड झालं ते ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, निघालं तर न उघडता काढून टाका. फॉन्ट बसवला, वर्ड बंद करून पुन्हा उघडला की ओव्या मराठीत दिसतील. आईला त्याच वेळी दाखवा.

दिसायला लागल्याबरोबर पहिलं काम म्हणजे त्या फाइलची पीडीएफ करून ठेवणं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधला जातो, त्यामुळे ती कुठेही तशीच दिसेल. ती तुमची साक्ष. पुढे रूपांतर करताना कुठे शंका आली तर मूळ काय होतं ते तिच्यात बघायचं. पण पीडीएफवर थांबू नका. तिच्यातून एखादी ओवी कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट केलीत तर पुन्हा गिचमिडच येईल, आणि तिच्यात ‘पंढरपूर’ शोधलंत तर काही सापडणार नाही. दिसणं आणि साठवलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला दुसरी हवी आहे.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करायला कन्व्हर्टर लागतो. त्याच कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेकदा जुनं मॅटर युनिकोडमध्ये न्यायची सोय असते आणि ती सगळ्यात चांगली, कारण आपल्या घरांचा नकाशा त्यांच्याकडेच असतो. गावात कुणाकडे ते सॉफ्टवेअर असेल तर तासाभराचं काम आहे, पैसे द्या आणि करून घ्या. नाहीतर नेटवर फॉन्टच्या नावापुढे ‘टू युनिकोड कन्व्हर्टर’ लिहून शोधा, चालू फॉन्टांचे फुकट कन्व्हर्टर मिळतात. त्यांतले पुष्कळसे तुमच्या ब्राउझरमध्येच काम करतात, मॅटर कुठे पाठवत नाहीत. याची खात्री करायची असेल तर पान उघडल्यावर वाय-फाय बंद करा आणि मग मॅटर टाका. तरीही चाललं तर मॅटर तुमच्याच संगणकात राहिलं. ओव्यांचं ठीक आहे, पण कुणाचं मृत्युपत्र किंवा कोर्टाचे कागद असतील तर ही तपासणी केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

एकदम १८० पानं ओतू नका. दोन पानं टाका आणि निकाल मूळ पीडीएफशेजारी ठेवून वाचा. मॅटरमध्ये इंग्रजी आकडे किंवा शब्द असतील तर कन्व्हर्टर त्यांनाही मराठी समजून त्यांची भलतीच अक्षरं करतो. ती आधी वेगळी करा. वर्डच्या ‘फाइंड’मध्ये ‘मोअर’, मग ‘फॉरमॅट’, मग ‘फॉन्ट’ असं जाऊन फॉन्टच्या नावावरूनही शोधता येतं. इंग्रजी फॉन्ट जिथे जिथे आहे ते सगळं एकदम निवडून लाल रंग देऊन ठेवा, मग कुठे हात लावायचा नाही ते दिसतं.

वर्ड स्वतःहून ‘सुधारणा’ करत असतो, तिच्यापासूनही जपा. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करणं, हे इंग्रजीसाठी बरं आहे. जुन्या फॉन्टमध्ये मात्र छोट्या आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांच्या घरांत वेगवेगळी मराठी अक्षरं बसलेली असतात. कृतिदेवमध्ये एकेरी अवतरणचिन्हाच्या घरात अर्धा श आणि दुहेरीच्या घरात अर्धा ष असतो. वर्डने ती चिन्हं वाकडी केली की ‘विश्वास’ आणि ‘पुष्कळ’ दोन्ही फुटतात. जुन्या मॅटरमध्ये एखादी दुरुस्ती करायचीच असेल तर ऑटोकरेक्टचे हे दोन्ही पर्याय आधी बंद करा.

रूपांतर झालेलं मॅटर वाचायला बसाल तेव्हा मी कुठे बघते ते सांगते. सगळं सारख्याच बारकाईने वाचलं तर डोळे थकतात आणि नेमक्या जागा निसटतात.

पहिली जागा रफार आणि पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टमध्ये मॅटर जसं डोळ्यांना दिसतं त्याच क्रमाने साठवलं जायचं. वेलांटी क-च्या आधी दिसते म्हणून आधी, रफार शेवटी डोक्यावर बसतो म्हणून शेवटी. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं. आधी क, मग वेलांटी. ‘मूर्ती’मध्ये आधी पाय मोडलेला र, मग त, मग वेलांटी. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि तो जोडाक्षरावर चुकतो. ‘लक्ष्मी’, ‘रुक्मिणी’, ‘वर्षाव’, ‘कीर्तन’ असे शब्द काढून बघा. विठ्ठल-रखुमाईच्या ओव्यांत ते भरपूर असणार. कुठे अक्षराऐवजी ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला चिकटलेली मात्रा दिसली तर तिथे क्रम उलटा राहिलेला आहे.

दुसरी जागा डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ती जास्त घातक. ‘ओवी’ हाच शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये ओ हे अक्षर म्हणजे अ, त्याला काना, वर मात्रा, असे तीन तुकडे जोडलेले असायचे. साधा कन्व्हर्टर ते तीन तुकडे तसेच युनिकोडमध्ये आणून ठेवतो. कागदावर ते जवळपास ‘ओ’सारखंच दिसतं. पण संगणकाच्या लेखी ते ओ नाही. तुम्ही ‘ओवी’ शोधाल आणि १८० पानांत एकही ओवी सापडणार नाही. ‘आई’चंही तेच, अ आणि काना वेगळे राहिले तर ‘आई’ शोधून मिळत नाही.

यासाठी मॅटर नोटपॅडमध्ये घेऊन ‘फाइंड अँड रिप्लेस’ करायचं, आणि क्रम पाळायचा. आधी काना आणि मात्रा अशी जोडी शोधून तिच्या जागी एकसंध ‘ो’ टाका, काना आणि दोन मात्रा यांच्या जागी ‘ौ’, काना आणि चंद्र यांच्या जागी ‘ॉ’. हे सगळं झाल्यावर मग अ-ला लागलेली ही चिन्हं शोधा आणि त्यांच्या जागी ‘ओ’, ‘औ’, ‘ऑ’ टाका. अ आणि काना यांचा ‘आ’ सगळ्यात शेवटी. उलट केलंत, म्हणजे ‘आ’ आधी केलात, तर ‘ओ’चे पहिले दोन तुकडे ‘आ’ होऊन बसतात, मात्रा एकटी लोंबकळत राहते आणि ते सगळं हाताने निवडावं लागतं. मी ते एकदा निवडलं आहे.

तिसरी जागा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. हा मराठीचा खास मामला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. कन्व्हर्टर हिंदी मॅटर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असेल तर तो सगळ्या दऱ्यांचा दर्या करून टाकतो. ‘वाऱ्यावर’, ‘सोयऱ्याला’, ‘दुसऱ्या’, ‘नवऱ्या मुलीला’, ‘तऱ्हा’ हे शब्द शोधून बघाच. ‘ॲ’चीही दोन रूपं फिरतात, एक अ-वर वेगळा चंद्र ठेवलेला आणि एक एकसंध अक्षर. एकसंध ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या मॅटरमध्ये पहिलंच असतं. ओव्यांत ‘ॲ’ क्वचित, पण प्रस्तावनेत असेल तर सगळीकडे एकच रूप ठेवा.

फॉन्ट मिळालाच नाही किंवा त्याचा कन्व्हर्टर नाही, असंही होतं. मग छापलेल्या पानांवरून वाचून घ्यायचं. वाळवीतून वाचलेली पानं स्कॅन करा, ३०० डीपीआयवर, पान सरळ ठेवून. गूगल ड्राइव्हवर चढवा आणि त्या चित्रावर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडा. ते चित्रातलं मराठी वाचून खाली मॅटर म्हणून देतं, तेही थेट युनिकोडमध्ये. एकेक पान दिलं तर निकाल चांगला येतो. ध-घ, भ-म, ष-प यांची गफलत होते आणि अनुस्वार गळतात, पण दुर्मीळ फॉन्टच्या बाबतीत वाईट कन्व्हर्टरपेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो, कारण इथे चुका निदान डोळ्यांना दिसतात.

सीडीवर वर्डऐवजी पेजमेकरची फाइल निघाली तर ती इनडिझाइन या आताच्या छपाईच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत उघडत नाही. सीएस६ ही जुनी आवृत्ती किंवा त्याआधीचं इनडिझाइन असलेला प्रेसवाला शोधा. किंवा जिथे अजून पेजमेकर चालतं तिथून मॅटर एक्सपोर्ट करून घ्या.

आता की-बोर्ड. वहीतल्या पन्नास-शंभर ओव्याच राहिल्या असतील तर त्यासाठी काही नवं शिकू नका. विंडोजमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा, तिच्या की-बोर्डांमध्ये ‘मराठी फोनेटिक’ निवडा. इंग्रजी स्पेलिंग टाइप केलं की मराठी शब्द सुचतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. फोनवर जीबोर्डमध्येही हेच.

पण ओव्यांच्या बाबतीत माझी एक काळजी आहे. फोनेटिक की-बोर्ड आणि बोलून टाइप करायची सोय, दोन्ही प्रमाण मराठीवर पोसलेली आहेत. आईच्या वहीत ‘व्हता’ असेल तिथे ती ‘होता’ सुचवतील, ‘पानी’ला ‘पाणी’ करतील, ‘म्हनून’ला ‘म्हणून’. बोलून टाइप करणं पत्र लिहायला फार छान आहे, माझ्या सासूबाई रोज वापरतात. ओवी मात्र त्या बाईच्या तोंडची आहे, तिचा ‘न’ आपण ‘ण’ करायचा नाही. ‘होता’ केलं की कधी अक्षरं जुळतात, पण गळा बदलतो. म्हणून बोलून टाइप केलंत तर प्रत्येक ओळ वहीशी ताडून बघा आणि वर्डच्या लाल रेघांकडे साफ दुर्लक्ष करा.

रोज लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट शिका, असंच मी सांगेन. हा की-बोर्ड १९८६ मध्ये सरकारने ठरवला आणि तो प्रत्येक विंडोजमध्ये, काहीही न उतरवता मिळतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क-च्या बटणावर शिफ्ट धरलं की ख, ग-च्या बटणावर घ, त-च्या बटणावर थ. काय उमटेल ते तुम्ही ठरवता, यंत्र सुचवत बसत नाही, त्यामुळे ‘व्हता’ म्हणजे ‘व्हता’च. ‘ऱ’ जे-च्या बटणावर शिफ्ट धरून येतो, ‘ळ’ एन-च्या बटणावर शिफ्ट धरून, आणि पाय मोडायचं बटण डी. म्हणजे ‘दऱ्या’ टाइप करायला ओ, शिफ्ट-जे, डी, मग य-साठी तिरकी रेघ आणि शेवटी काना म्हणजे ई. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली रोज अर्धा तास बसून तीन-चार आठवड्यांत खाली न बघता टाइप करायला लागतात. टाइपरायटरवर हात बसलेला असेल तर रेमिंग्टन मांडणीचेही युनिकोड की-बोर्ड मिळतात, बसलेली सवय मोडायची गरज नाही.

ओव्यांची यादी एक्सेलमध्ये ठेवा, असंही सुचवेन. अनुक्रमांक, गाणारीचं नाव, गाव, पहिली ओळ, विषय. गाणारीचं नाव ओवीपासून सुटू देऊ नका; जुन्या फायलींमध्ये ते कडेला वेगळ्या फॉन्टमध्ये असतं आणि रूपांतरात तेच पहिलं गळतं. यादी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह करा. पुढे ती उघडताना त्या तिरक्या रेघेच्या ‘ए’ची गिचमिड दिसली तर घाबरू नका. एक्सेलच्या ‘डेटा’मध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट’ने फाइल आत घ्या आणि ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रात १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या संग्रहातल्या ओव्या गावागणिक, विषयागणिक वाचता येतात, काही ऐकताही येतात. आईचा संग्रह छोटा असेल, पण असाच नीट लावलेला असला तर उद्या कुणी अभ्यासक मागायला आला तरी देता येईल.

छापायला देताना फॉन्ट मराठी वळणाचा घ्या. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. मंगलमध्ये हिंदी वळण दिसतं. तिरो देवनागरी मराठी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका, दोन्ही फुकट आहेत आणि पुस्तकाला शोभतात. प्रेसवाला इनडिझाइन वापरत असेल आणि वेलांट्या भलतीकडे दिसत असतील तर त्याला ‘वर्ल्ड-रेडी पॅरग्राफ कंपोझर’ निवडायला सांगा, मॅटर बिघडलेलं नाही.

आणि साठवण. १८० पानांचं युनिकोड मॅटर फार तर एक-दीड एमबी भरेल, फोनमधल्या एका फोटोपेक्षाही कमी. तेव्हा जागेची काटकसर नको. वर्डची एक प्रत, साध्या टेक्स्टची एक, पीडीएफ, आणि मूळ सीडीची जशीच्या तशी कॉपी, हे सगळं एका फोल्डरमध्ये. तो फोल्डर लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर, गूगल ड्राइव्हवर आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा भावाकडे. गूगलचं खातं रोजच्या वापरातलं असू दे. दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल बंद करून टाकू शकतं, आणि ‘खास ओव्यांसाठी’ काढलेली खाती अशीच जातात. जुना फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

सीडी कॉपी झाली की वर्डच्या पेटीतलं फॉन्टचं नाव मला कळवा, आणि एका ओवीच्या पहिल्या ओळीचा गिचमिडीतला फोटो पाठवा. आईला ती ओवी पाठ असेल तर तिच्याकडून ओळ तोंडी घेऊन शेजारी लिहा. कोणत्या घरात कोणतं अक्षर आहे ते त्या एका ओळीवरून बरंचसं लागतं, मग फॉन्ट सापडेपर्यंतही काम सुरू करता येईल.